सुजाताचे तीन चिंचोके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

बालाघाटला शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की मला हमखास बोलावतात. विषय ठरलेला — वर्गात मुलांना बोलतं कसं करायचं. मी डब्यातून चिंचोके काढते. प्रत्येक मुलाला तीन द्यायचे. बोलायचं असेल त्याने एक मध्ये टाकायचा, तीन संपले की नुसतं ऐकायचं. बडबड्यांना लगाम बसतो, अबोल मुलांची पाळी येते. मग मी सुजाताची गोष्ट सांगते. राजेगावकडच्या एका खेड्यात माझ्या सातवीच्या वर्गात होती. वर्षभर तिने एक चिंचोका टाकला नाही — आणि एक दिवस तिन्ही एकदम टाकून विचारलं, वैनगंगा पावसाळ्यात गढूळ का होते? लोक टाळ्या वाजवतात. एका मॅडमनी तर डोळे पुसले होते.

तिने ते विचारलंच नव्हतं. वैनगंगेचा प्रश्न मी रचलेला. काय विचारलं होतं, तिथवर यायला मला बघा किती वेळ लागतोय.

शाळेत हातपंपावरून शिक्षकांसाठी पाणी आणायची मुलांची पाळी असे. रोज एक जण तांब्या भरून माझ्या टेबलावर ठेवायचा, मी प्यायचे. सुजाताच्या पाळीला मात्र मला तहान नसायची. किंवा पिशवीतून माझी बाटली निघायची. ती बौद्ध मोहल्ल्यातली होती — कारण एवढंच. मी तिला कधी वाकडं बोलले नाही, उलट तिच्या अक्षराचं कौतुक करायचे. वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही. तीस मुलांसमोर तांब्या बाजूला सारणारी बाई — ती मुलांना दिसत नाही होय?

त्या दिवशी विषय मीच दिला होता, आपल्या शाळेत काय बदलायला हवं. कुणी पंखा म्हणालं, कुणी फाटक. मग सुजाता उठली. तिन्ही चिंचोके मध्ये ठेवले.

"मॅडम, बाकीच्यायनं आनलेलं पानी तुमी पेता. माह्या हातचं काहून पेत नाही?"

रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मीच सांगितलं होतं ना — मनातलं विचारा, इथे कुणी रागावणार नाही?

मी म्हणाले, डॉक्टरांनी मला घरचंच पाणी प्यायला सांगितलंय. आणि हा आजचा विषय नाही. मग वाकून तिचे चिंचोके उचलले आणि तिला परत दिले. वरून सोडले तिच्या तळहातावर — बोटं लागू न देता.

बाकीच्या मुलांच्या मुठीत चिंचोके होते. आदल्या दिवशी मी कुणाच्या तांब्यातलं पाणी प्यायले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकानेही चिंचोका टाकला नाही. चर्चेच्या तासाला मी त्यांना गप्प बसायला शिकवलं. सुजाता त्यानंतर वर्गात कधीच बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तिची पाळी आली. तिने तांब्या भरलाच नाही. सरळ माझ्या पिशवीपाशी गेली आणि बाटली काढली. ओढणीचं टोक हाताभोवती गुंडाळून धरली होती, तिचा हात लागू नये म्हणून. टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. बारा वर्षांची पोर, माझी सोय बघत होती. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. तेव्हा मात्र काही तुटलं नाही.

मी झाकण उघडलं आणि सगळ्या वर्गासमोर ते पाणी प्यायले.