साहेबांचं निळं पाणी

डागकाकांना शर्टावरचा डाग दोन हात लांबून दिसतो, आणि एकदा दिसला की तो निघेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. माणूस लग्नाला निघालेला असो की भांडायला आलेला, काका आधी त्याची कॉलर बघतात. कोपऱ्यावर त्यांची लाँड्री आहे. वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण एकटी राहते. तिला ते ताई म्हणतात, आणि तिच्यापुढे त्यांची डाळ काही शिजत नाही.

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती विश्रांतीसाठी लेकीकडे जाऊन राहिली. घराची किल्ली आणि साहेब काकांच्या हवाली झाले. साहेब म्हणजे काचेच्या टाकीतला गोल्डफिश, चांगला तळहाताएवढा. भावोजींनी तो हौसेनं आणला, नाव ठेवलं, आणि वर्ष उलटायच्या आत स्वतःच गेले. तेव्हापासून ताई रोज सकाळी साहेबांशी गप्पा मारते. खरं सांगायचं तर सख्ख्या भावापेक्षा त्यांच्याशीच जास्त मोकळेपणानं बोलते.

"चिमूटभर खायला घाल," जाताना तिनं बजावलं होतं. "बाकी कशाला हात लावू नकोस. तुझे हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे."

आणि नेमके साहेब आजारी पडले. अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले. हा मासा गेला तर ताईला तोंड कसं दाखवायचं? भावोजींची जिवंत अशी तेवढीच एक गोष्ट तिच्याकडे उरली होती. काका तडक मासे विकणाऱ्या बाईंच्या दुकानात गेले. बाईंनी निळ्या औषधाची बाटली दिली आणि ते कसं घालायचं ते सांगायला लागल्या, तर काका म्हणाले, "राहू द्या हो. थेंब मोजण्यातच हयात गेली माझी." झालं, निघाले बाटली घेऊन.

औषध पडलं आणि सगळं पाणी शाईसारखं निळं झालं. काकांना ते बघवेना. पण सकाळी येऊन बघतात तर पाणी काचेसारखं स्वच्छ. काका खूश. पुन्हा औषध घातलं, पुन्हा पाणी स्वच्छ. खाली लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ऐकवलं की फिल्टर असावा तर असा, आपल्या तोडीचा आहे गडी.

साहेब मात्र तळाशी बसून राहायला लागले. पर मिटलेले, खाण्याकडे ढुंकूनही बघेनात. संध्याकाळी ताईचा फोन यायचा.

"साहेब कसे आहेत?"

"मजेत. तुझी आठवण काढतात."

असल्या थापा मारून मारून काकांचं स्वतःचं जेवण कमी झालं. शेवटी मान खाली घालून ते पुन्हा बाईंच्या दुकानात गेले.

"फिल्टरमधला कोळसा काढून ठेवला होतात ना?" बाईंनी विचारलं.

"तो कशाला काढू? त्यानंच तर पाणी स्वच्छ होतंय."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तो कोळसा औषध शोषून घेतो. तुम्ही माशाला नाही, कोळशाला औषध पाजताय."

बाईंनी मग सगळं नीट समजावलं. कोळशाची पिशवी काढून फेकून द्या, पाणी थोडं बदला आणि मग औषध घाला. मासा बरा झाला की नवा कोळसा धुऊन घाला, उरलेलं औषध तो ओढून घेईल. "आणि स्पंज धुऊ नका. माशाची घाण पचवणारे जीव त्यातच राहतात. औषधानं आधीच बेजार असतात बिचारे, त्यात नळाखाली धरलात तर संपले. मग मासा दुखण्यातून वाचेल आणि घाणीनं मरेल."

घरी येऊन काकांनी फिल्टर उघडला. कोळसा केराच्या टोपलीत गेला. स्पंज हातात आला तो तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारा. काकांचा हात आपसूक नळावर गेला. तिथेच त्यांना भावोजींचे कपडे आठवले. भावोजी गेल्यावर त्यांनी ते सगळे गोळा करून नेले होते, एकूणएक डाग काढून, कडक इस्त्री करून ताईच्या पुढ्यात ठेवले होते. ताईनं घडी केलेला एक शर्ट नाकाशी धरला आणि नुसतं "छान केलंस" म्हणाली. त्यानंतर तिनं लाँड्रीत कधी रुमालसुद्धा दिला नाही. आपल्याला त्रास नको म्हणून देत नसेल, असंच काका आजवर समजत आले होते. आता त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी नळावरचा हात काढून घेतला. स्पंज तसाच जागेवर बसवला.

मग निळ्या पाण्याचे दिवस सुरू झाले. निळी बोटं घेऊन काका पांढरे शर्ट हाताळायला घाबरायचे, आणि गिऱ्हाइकांना चेष्टेला आयताच विषय मिळाला. पण ठिपके विरळ झाले, पर उघडले, आणि एका सकाळी साहेब खाण्यासाठी वर आले. काकांचा जीव भांड्यात पडला. नवा कोळसा आणून ठेवला, एवढ्यात ताई न कळवताच दारात.

पाणी बघून ती उंबऱ्यातच थबकली. काकांनी सगळं सांगून टाकलं, थापांसकट. ती काठी टेकत टाकीपाशी गेली आणि तिनं फिल्टरचं झाकण उघडलं.

"हा स्पंज धुतला नाहीस?"

"नाही."

"तू?"

"मी."

ताईनं कपाट उघडलं आणि गोधड्यांच्या मागून एक पिशवी ओढून काढली. आत भावोजींचा मफलर होता, मानेपाशी तेलाचा भलामोठा डाग पडलेला.

"तू कपडे न्यायला आलास तेव्हा हा गादीखाली दडवला होता," ती म्हणाली. "अजून वास आहे त्याला. इतकी वर्षं तुझ्या हाती लागू नये म्हणून जपत आले." तिनं तो दाराशेजारच्या खुंटीवर, सहज हात पोचेल असा अडकवला. "आता इथे राहू दे."

काकांना तो डाग खुंटीवरूनही दिसत होता. कशानं निघेल तेही ठाऊक होतं. ते नव्या कोळशाची पिशवी घेऊन मोरीत गेले आणि नळ सोडून ती सावकाश, अगदी मनापासून धूत बसले.