येलदरीतली सुरमई

मी मुलांसाठी एक साहसी कादंबरी लिहिलेली आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण सांगूनही कुणाला मिळणार नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिच्या जवळजवळ सगळ्या प्रती आमच्याच घरात होत्या. पुठ्ठ्याची चार खोकी दिवाणाखाली मावली होती आणि दोन स्वयंपाकघरात एकावर एक ठेवली होती. त्यांच्यावर बायकोनं मिक्सर मांडला होता. "उंची बरोबर झाली," असं ती म्हणायची. पुस्तकाबद्दल घरात व्यक्त झालेलं हे एकमेव मत मला बरेच दिवस पुरलं.

पुस्तकावर माझं नाव नाही. मी जिंतूर रस्त्यावरच्या एका गावात शाळेवर मराठी शिकवतो, परभणीहून रोज मोटारसायकलनं जातो. पुस्तक वाईट निघालं तर शाळेत थट्टा होईल, म्हणून टोपणनाव घेतलं. चांगलं निघालं तर काय करायचं, हेही ठरवलेलं होतं. एखाद्या समारंभात शांतपणे उभं राहायचं आणि 'तो मीच' एवढंच म्हणायचं. पण पुस्तक कुणी वाचलंच नाही, त्यामुळे चांगलं की वाईट हा प्रश्नच उभा राहिला नाही. बायको सोडली तर लेखक कोण हेही कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायलाही कुणी आलं नाही.

गोष्ट अशी होती की चार मित्र सुट्टीत येलदरीच्या धरणावर जातात, त्यांना भिंतीत एक जुनं भुयार सापडतं आणि ते मूर्तिचोरांची टोळी पकडून देतात. येलदरीला मी तोवर दोनदा गेलो होतो. एकदा शाळेच्या सहलीबरोबर, तेव्हा सगळा वेळ लेकरं मोजण्यात गेला. दुसऱ्यांदा सासऱ्यांना घेऊन गेलो, तेव्हा ते गाडीतून उतरलेच नाहीत. तेवढ्या भांडवलावर मी एकशे साठ पानं लिहिली.

आमच्याकडे शनिवारी लेकरं दप्तराविना येतात. त्या दिवशी करायला म्हणून मी मोठ्या सरांना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांना, एक कल्पना सुचवली. सातवीच्या मुलांनी आपल्याला आवडलेली एखादी कादंबरी पाचवी-सहावीच्या मुलांना उभं राहून सांगायची, ती का वाचावी ते पटवून द्यायचं. मोठे सर म्हणाले, "चांगलं हाय, करा." माझा हेतू वाचनाचाच होता, हे मी शपथेवर सांगेन. पहिल्या महिन्याचा विषय 'साहस' असावा हे मला का सुचलं, ते मात्र शपथेवर विचारू नका.

आमचं ग्रंथालय म्हणजे कार्यालयातलं एक लोखंडी कपाट. त्यात साहसी म्हणता येतील अशा सात-आठ कादंबऱ्या होत्या. मी घरून माझ्या पाच प्रती नेल्या, आत 'एका हितचिंतकाकडून सप्रेम' असं डाव्या हातानं लिहिलं आणि त्या मधल्या फळीवर, लेकरांच्या डोळ्यांच्या उंचीला, मुखपृष्ठ पुढं करून मांडल्या. बाकीची पुस्तकं आपोआपच सगळ्यात वरच्या फळीवर गेली.

पहिल्या शनिवारी लेकरांनी स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरची पुस्तकं काढली. एकानं समुद्रातल्या चाच्यांची कादंबरी सांगितली. "यात वादळ येतंय आणि जहाज बुडतंय. घरी काम नसंल तवा वाचा." दुसऱ्याची शिफारस एका दमात संपली. "पातळ हाय. एका दिवसात होतंय."

दुसऱ्या शनिवारीही स्टूलच ओढलं गेलं. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मधल्या फळीवर पण चांगली पुस्तकं दिसतात." वर्गाचा मॉनिटर म्हणाला, "ती नवीन हायेत सर. हात लावला तर खराब होतील." हे मीच शिकवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीनं माझं पुस्तक उचललं. ती शेवटच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. मुखपृष्ठावरच्या भिंतीकडं बघून तिनं विचारलं, "सर, ही येलदरी हाय का?"

"असावी," मी म्हणालो.

"माझा मामा तिथं मासे धरतोय. मी सुट्टीत तिथंच असते."

मला फार आनंद झाला. भीती वाटायला हवी होती, पण तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

तो आठवडा मी हेरगिरीत घालवला. तिनं खूण म्हणून एसटीचं तिकीट पुस्तकात ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत लेकरं पाण्याच्या टाकीकडं गेली की मी तिच्या बाकाजवळून जायचो आणि तिकीट कुठवर सरकलं ते बघायचो. सोमवारी पान तीस, बुधवारी नव्वद. गुरुवारी तिकीट परत चाळिसावर आलं होतं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "तिला इतकं आवडलं की मागं जाऊन पुन्हा वाचायलीय."

बायको म्हणाली, "नाहीतर काही कळलं नसंल."

शनिवारी ती उभी राहिली. पुढं पाचवी-सहावीची लेकरं सतरंजीवर बसली होती. मी चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत होतो.

"हे पुस्तक सगळ्यांनी वाचावं," ती म्हणाली. "यात चार पोरं येलदरीला जातात, चोर धरतात. पण खरं रहस्य दुसरंच हाय. पान सत्तावन्नवर ही पोरं धरणात गळ टाकतात आणि त्यांना सुरमई सापडती. ती भाजून खातात."

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "सुरमई समुद्रात असती. मी मामाला इचारलं. मामा म्हणला, येलदरीत रोहू हाय, कटला हाय, मरळ हाय. सुरमई त्यानं जिंतूरच्या बाजारात पण बघितली न्हाई. मग ती धरणात आली कशी? मी शेवटपर्यंत वाचलं. लेखकानं ते उघडलंच न्हाई."

आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नाही. मासा पाण्यात राहतो, एवढीच माझी माहिती. सुरमई हा शब्द मला कुठंतरी भेटला, कानाला गोड वाटला, म्हणून मी तो धरणात सोडून दिला होता.

"अजून लय चुका हायेत," ती म्हणाली. "पान चाळीसवर आवस हाय आणि त्याच रातीला पान बेचाळीसवर अख्खा चंद्र उगवतोय. मी सगळ्या सांगत न्हाई. तुमी वाचा आणि हुडका. दुसऱ्या पुस्तकात एवढ्या सापडत न्हाईत, म्हणून हे लय भारी हाय."

टाळ्या पडल्या. त्या उपक्रमात मनापासून टाळ्या पडण्याची ती पहिलीच वेळ. दहा मिनिटांत माझ्या पाचही प्रती गेल्या आणि सहावीतली दोन पोरं एका प्रतीवरून भांडली. ज्या दृश्याची मी दोन वर्षं वाट बघितली होती ते हेच होतं, फक्त कारण वेगळं होतं. सोमवारी मी मिक्सरखालचं एक खोकं फोडून आणखी दहा प्रती नेल्या. बायकोला मिक्सर वाकून चालवावा लागला.

पुढच्या शनिवारी लेकरांनी हट्ट धरला की सापडलेल्या चुका सरांनी फळ्यावर लिहाव्यात. मी लिहिल्या. माझं अक्षर चांगलं आहे. शिडाची होडी, कारण येलदरीत होडीला कुणी शीड बांधत नाही, मासे धरणारे तर कित्येकदा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जातात. धरणाचं पाणी 'काही क्षणांत' पोहून पार करणारा नायक. पान साठपासून पुढं चार मित्रांचे झालेले पाच. यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाला, कुत्रं धरलं तर पाच होतात. लगेच दुसरा म्हणाला, "कुत्रं पान बावन्नला घरी बांधून ठेवलंय सर." मी तेही लिहिलं. एकूण सतरा झाल्या.

एवढ्यात मोठे सर दारात आले. फळा वाचून त्यांनी विचारलं, "कोण लेखक हाय हा?"

मला ती संधी होती. मी म्हणालो, "असेल कुणी पुण्याकडचा."

वर्गात माना हलल्या. "तिकडचाच वाटतोय," मोठे सर म्हणाले. "येलदरी बघितलेली दिसत न्हाई." मी मान हलवली. खडू हातातच होता.

मग त्या मुलीनंच सुचवलं की लेखकाला पत्र लिहावं. वर्गानं ते लिहिलं, मी शुद्धलेखन तपासलं, आणि 'प्रकाशकाकडं पाठवतो' म्हणून खिशात घालून घरी आणलं. पत्रात लिहिलं होतं: 'आदरणीय लेखक, तुमचं पुस्तक आमच्या शाळेत सगळ्यांनी वाचलं. चुकांबद्दल आम्हाला राग नाही. तुम्ही एकदा येलदरीला या. मामा होडीतून फिरवतील. पोहता येत नसेल तर आधी कळवा.'

बायकोनं ते उभ्यानंच वाचलं आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत हसली. मग पत्राची नीट घडी घालत म्हणाली, "उत्तर कधी देणार?"

मी उत्तर लिहिलं. तीन पानं झाली. कादंबरीतली सुरमई ही मूळ जागेपासून तुटलेल्या माणसाची प्रतिमा कशी आहे, ते मी त्यात समजावलं होतं. लिहिता लिहिता मला ते पटलंसुद्धा. बायकोनं पहिलं पान वाचलं आणि दुसरं उलटलंच नाही.

"हे पोरांना कळणार न्हाई," ती म्हणाली. "आणि कळलं तर त्यांना वाटंल, आपल्याला येडं समजायलाय."

"मग काय करू?"

"तोंडानं सांगा. पुस्तक तुमचंच हाय ना?"

पुढच्या शनिवारी मी वर्गासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "ते पुस्तक मी लिहिलंय."

लेकरं हसतील अशी माझी तयारी होती. कुणी हसलं नाही. मॉनिटर उठून म्हणाला, "सर, तुमी खोटं बोलायलेत."

"खरंच मी लिहिलंय."

"तुमी असं लिहिणार न्हाई. आमची एक चूक झाली तर तुमी लाल पेनानं गोल करता."

पिशवीतून मी कादंबरीची हातानं लिहिलेली वही काढली आणि पुढच्या रांगेत दिली. वही मागं जात राहिली. फळ्यावरचं माझं अक्षर ती पोरं पाचवीपासून बघत आली होती, त्यामुळे वही शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत सगळ्यांची खात्री पटली. खात्री पटल्यावर सगळी माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागली ती मला अजिबात आवडली नाही. लेकरांना माझी दया आली होती.

मधल्या सुट्टीत ती मुलगी व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"सर, मी वाचू नका असं न्हाई म्हणले," ती म्हणाली. "वाचा म्हणले."

"माहीत आहे मला."

"आवडलं नसतं तर चुका कामून हुडकत बसले असते? चंद्राचं कळलं तवा मी चाळीसपासून परत सगळं वाचलं."

मी तिला म्हणालो की मामांचं आमंत्रण लेखकाला पोचलंय. ती पहिल्यांदा हसली. मग विचारलं, "पोहता येतंय का?"

"येतं थोडं," मी म्हणालो. इतकं सगळं झाल्यावरही मी खोटंच बोललो.

दिवाळीच्या सुट्टीत बायको आणि मी जिंतूरवरून येलदरीला गेलो. मामा सडपातळ, माझ्याच वयाचा माणूस. त्यानं पत्र्याची होडी पाण्यात लोटली. बायको चुडाव्याकडची, लहानपणापासून नदी बघितलेली. ती पुढं जाऊन निवांत बसली. भाचीही बसली. मी मधोमध बसून होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"धरू नका सर," मामा म्हणाला. "होडी पळून जात न्हाई."

आत गेल्यावर पाणी जे दिसायला लागलं ते मला सहलीत दिसलं नव्हतं. पलीकडचा काठ म्हणजे एक मळकी रेघ होती. मी मामाला विचारलं, "इथून तिथवर कुणी पोहत जातं का?"

"कशाला जाईल?" तो म्हणाला. "येडा हाय का?"

भाचीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. बायकोनं फिरवलं नाही, ती माझ्याकडं बघूनच हसली.

काठावर परत आलो तेव्हा होडीतून सगळ्यात आधी मी उतरलो. मामीनं आमच्यासाठी पिठलं-भाकरी केली होती. जेवण झाल्यावर मामा दारात जाळं घेऊन बसला, मी शेजारी बसलो.

"पोरीनं मला सगळं वाचून दाखवलं," तो म्हणाला. "चार-पाच दिवस, मी जाळं नीट करायलो होतो तवा."

मी अठराव्या चुकीची वाट बघायला लागलो.

"त्यातलं ते बारकं पोरगं," तो म्हणाला. "त्याच्या हातून बापाची बॅटरी पाण्यात पडती आणि मग ते घरी जायला भेतंय. गल्लीच्या तोंडाशी बसून राहतंय. आई घागर घेऊन आली की तिच्या मागं मागं आत शिरू म्हणतंय."

"हो."

"ते खरं हाय. तसंच असतंय."

ते पान मी एका बैठकीत लिहिलं होतं, कारण त्यात काही शोधून काढावं लागलं नव्हतं. बॅटरी माझ्या वडिलांची होती आणि ती आमच्या गावच्या विहिरीत पडली होती. त्यात साहस काहीच नाही, म्हणून पुस्तक छापायला देताना मी ते पान काढून टाकणार होतो. कंटाळा केला म्हणून राहिलं.

मला राहवेना. मी मामाला विचारलं, "अजून काय काय खरं वाटलं?"

त्यानं हातातलं काम थांबवून प्रामाणिकपणे विचार केला.

"एवढंच," तो म्हणाला, आणि जाळ्याची पुढची गाठ मारली.