झेंडूआडचा कॅमेरा

दोन कॅमेऱ्यांमधून एक निवडायचा, एवढेच मला सांगण्यात आले होते.

चितेगावच्या आमच्या कारखान्यात विजेची पॅनेल तयार होत. धावत्या गाडीत बसवायच्या कॅमेऱ्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. परंतु मनमाडची मीटरगेज नुकतीच जाऊन ब्रॉडगेज आली होती, वाळूजला जिकडेतिकडे नव्या शेड उभ्या राहत होत्या, आणि आज आपल्या बस, उद्या एसटी, परवा रेल्वेचे डबे, असे चित्र मालकांनी मनाशी रंगवले होते. दुसरे कारण कोणी मोठ्याने बोलत नसे. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न वर्षानुवर्षे चिघळत पडला होता. कधी नामांतर व्हावे म्हणून बंद, कधी होऊ नये म्हणून बंद. दोन्ही वेळा दगड कामगारांच्या बसवरच पडत, आणि तो कोणी मारला हे कधीच ठरत नसे.

मी त्याच विद्यापीठाची भौतिकशास्त्राची पदवीधर. आंदोलनांमुळे पुढे ढकललेल्या परीक्षांची मला इतकी सवय झाली होती, की नोकरीतली अनिश्चितता वेगळी अशी जाणवली नाही. दोन वर्षे मी तपासणी विभागात पॅनेलचे स्क्रू मोजत होते. नव्याने निघणाऱ्या विकास विभागात मला जायचे होते. तिथला रस्ता या कॅमेऱ्यांवरून जातो, हे आमच्या व्यवस्थापक साहेबांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते.

एक कॅमेरा लोखंडी पेटीचा, लांबट, छताला दणकट कंसाने, म्हणजे ब्रॅकेटने, टांगायचा. दुसरा वाटोळा, छताला चिकटून बसणारा, जाड काचेचा. दुकानातला कॅमेरा आणि गाडीतला कॅमेरा यांत फरक असा, की दुकान हलत नाही. गाडीत स्क्रू सैल होतात, जोडण्या सुटतात, काचेच्या आत धूळ शिरते, उन्हात उभ्या बसचे छत हात लावू देत नाही, आणि आठवड्याला कोणीतरी पाइप घेऊन आतूनबाहेरून गाडी धुते. या सगळ्यांतून जो टिकेल तो घ्यायचा. थरथर मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हते. पैठण रस्ता होता.

म्हणून काही आठवडे मी पहिल्या पाळीच्या बसने गेले. रेकॉर्डर मागच्या आसनाखाली फोममध्ये गुंडाळून पेटीत ठेवला होता. कॅमेरा ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशाशेजारी होता, तोंड आत. एका आठवड्यात वाटोळा, दुसऱ्यात लांबट. बस चालवणारे मामा पन्नाशीचे होते. विद्यापीठाच्या मागच्या वस्तीत राहत. त्यांची मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती.

“म्याडम, तुमी तिथल्याच ना?” त्यांनी एकदा आरशातून विचारले. “मग माझ्या पोरीच्या सर्टिफिकेटावर नवं नाव यील का वो?”

“मला कसे माहीत असणार मामा? माझ्या सर्टिफिकेटवर जुनेच आहे.”

“तुमचं ऱ्हाऊ द्या जुनं. तिचं यायला पायजे. बापाला तेवढंच बघायचंय.” आणि खड्डा आला तशी त्यांनी बस सावकाश कडेने काढली.

मी वैतागून म्हणाले, “खड्ड्यातून घ्या हो. मला धक्केच मोजायचे आहेत.”

“आता ही एक नवी बाई,” मामा मागच्या कामगाराला म्हणाले. “जलमभर मालक बोंबलला, गाडी जपून चालव. आता पगारी माणूस लावलाय, आदळ म्हणून!”

त्या दिवशी बसभर हसणे चालले होते.

खुलताबादकडच्या डोंगराखाली आमची मेंढरे असत. वडील गारखेड्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर कधीमधी येत. मी काय करते हे त्यांना सांगायचा प्रयत्न मी केला होता. राखणीसाठी गाडीत काचेचा डोळा बसवतात, असे सांगितले.

“त्वांड कुणीकडं त्याचं?”

“आत. माणसांकडे.”

वडील तंबाखू मळत राहिले. “मेंढराकडं त्वांड करून राखण बसलेलं कुत्रं म्या तर बघितलं नाय.”

“हे कुत्रे नाही, आप्पा.”

“व्हय, ते दिसतंयच.”

दसऱ्याच्या आठवड्यात लांबट कॅमेऱ्याची पाळी होती. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. प्रत्येक लेथला, ड्रिलला, पंच करायच्या घड्याळाला हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. दसऱ्याला ड्रायव्हरांनी बस धुऊन सजवल्या. पुढे आंब्याची पाने, स्टिअरिंगला आपट्याची डहाळी, चाकाखाली लिंबू. कॅमेरा हेही नवे हत्यार. ते पूजेवाचून ठेवणे मामांना अवघड होते. त्यांनी त्यालाही स्वतंत्र हार घातला. लोखंडी कंस त्यासाठीच केल्यासारखा होता. हाराचे दोन पदर बरोबर भिंगापुढे लोंबत राहिले. आमच्याकडचे ड्रायव्हर दसऱ्याचा हार हाताने काढत नाहीत. वाळून आपोआप गळेपर्यंत तो गाडीवर राहतो. काढला तर गाडी रुसते म्हणतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशन ओलांडून बस पैठण रस्त्याला लागली, थांबली, आणि दगड पडले. तीन खिडक्या फुटल्या. एका कामगाराच्या कपाळाला टाके पडले. मी त्या बसमध्ये नव्हते. पूजेच्या धावपळीने थकून मी त्या दिवशी उशिराची बस धरली होती.

दुपार व्हायच्या आत मामांना कामावरून दूर केले गेले. साहेबांनी मला बोलावले. त्यांच्यासमोर टीव्हीवर आमची टेप चालू होती. पडदाभर करडे, धूसर गोळे हलत होते.

“हे काय आहे, सांगाल का?”

“झेंडू, साहेब.”

“कॅमेरा बसवला कशासाठी? आणि ज्या दिवशी त्याची गरज लागली त्याच दिवशी त्याच्या डोळ्यावर पट्टी? बस बरोबर तिथेच थांबते, जिथे पोरे दगड घेऊन उभी असतात. पोरे या मामांच्याच वस्तीतली. याला योगायोग म्हणायचे?”

“मामा काय म्हणतात?”

“म्हणतात, दुधाच्या कॅनवाला सायकलवरून आडवा आला. कुठे आहे तो दूधवाला? आणा की.” त्यांनी टीव्ही बंद केला. “तुमच्या अहवालात एवढेच लिहा, की कॅमेरा जाणूनबुजून झाकला गेला. तांत्रिक मत म्हणून. बाकी मी बघतो. आणि विकास विभागाचे पत्र टाईप होऊन पडले आहे, हेही सांगून ठेवतो.”

बसमध्ये चाळीसेक माणसे होती. त्यांनी साक्ष दिली नाही का, असे कोणी विचारील. दिली, दोन प्रकारची. कोण कोणत्या वस्तीत राहतो हे माहीत असेल, तर कोण काय बोलला असेल हे ऐकायची गरज नव्हती. आम्ही सगळेच त्या वर्षांत इतके दमलो होतो, की खरे काय यापेक्षा आपल्या बाजूचे काय, एवढेच विचारायची शक्ती उरली होती.

मी टेप चाचणी खोलीत नेली. कॅमेरा झाकला गेला होता, हे तर खरेच होते. ‘जाणूनबुजून’ हा एकच शब्द माझा नव्हता. तो लिहिला की मामांची नोकरी संपणार होती, हे मला ठाऊक होते, आणि न लिहिण्यासाठी माझ्या हाती मामा चांगले आहेत यापलीकडे काही नव्हते. चांगुलपणा हे माप नाही, असे मला शिकवले गेले होते.

मी ती फुले पुन्हा पुन्हा पाहिली. रेकॉर्डरने धक्के बरे सोसले होते. चित्रावर अधूनमधून रेघा येत, एवढेच. आधी बरीच मिनिटे हार एका लयीत झुलत होता. मग एका क्षणी दोन्ही पदर एकदम पुढे, गाडीच्या तोंडाकडे, उसळले, कॅमेऱ्याच्या पेटीवर आपटले, मागे आले, आणि बराच वेळ डोलत राहिले. त्यानंतर हार स्थिर. मग तो मागच्या बाजूला ओढला गेला, म्हणजे बसने पुढे झेप घेतली. खिडकी फुटल्याचा उजेड पडद्यावर चमकला तो त्यानंतर.

मी खुर्चीत टेकून बसले. दोऱ्याला टांगलेले वजन गाडीचा वेग बदलला की कुणीकडे जाते, हे नववीचे विद्यार्थी शिकतात. आणि मी तासभर त्याकडे ‘अडथळा’ म्हणून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना कारखान्याच्या आतल्या रस्त्यावर नेले. तीच बस, तोच कॅमेरा, तसाच हार. मामांना फाटकाच्या आत परवानगी नव्हती, म्हणून चालवायला दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर. आधी त्याला थांब्यावर थांबतो तसे थांबायला सांगितले. मग मी पुढे बादली फेकायची आणि त्याने ब्रेक मारायचा, असे ठरवले. पहिल्या बादलीला तो हसतच बसला आणि बादली चेपली. दुसऱ्यांदा साहेबांचे कपाळ पुढच्या दांडीवर आदळले.

“अहो, मारून टाकाल मला!”

“माफ करा साहेब. पण असाच लागतो.”

तिन्ही टेप मी लागोपाठ लावल्या. सावकाश थांबताना हार पुढे कलून संथपणे परत आला. बादलीच्या वेळी उसळून पेटीवर आपटला. त्या सकाळच्या टेपमध्येही आपटलाच होता.

“कोणाला दगड मारू द्यायला थांबणारा माणूस असा थांबत नाही,” मी म्हणाले. “आणि दगड पडायच्या आधी त्याने बस पुढे दामटली आहे. हेही दिसते.”

साहेब कपाळ चोळत होते. “तुम्ही फिजिक्सवाले उद्या झेंडूची कुंडली मांडाल.” मग म्हणाले, “ठीक. ब्रेक खरा. पण हार? तो मुद्दाम नव्हता कशावरून?”

“साहेब, आपल्या टेबलावरच्या फोनला अजून हार आहे. सकाळी तुम्ही रिसीव्हर उचललात तेव्हा तो पत्रांवर गळत होता.”

त्यांच्या कॉलरवर झेंडूची एक पाकळी होती, ती मी सांगितली नाही.

मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. झाला तो फार थोडा. मामांनी पहिल्या तासापासून एकच गोष्ट सांगितली होती: सायकल आडवी आली, ब्रेक मारला, गाडी काढायला गेलो, दगड आले. टेपने नवे काहीच सांगितले नाही, त्यांचेच वाक्य शब्दशः परत म्हटले. हार नसता आणि पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला असता, तर काय झाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या चेहऱ्यात ज्याला जे हवे ते सापडले असते. झेंडूला चेहरा नव्हता, राहायला वस्ती नव्हती, म्हणून त्याचे ऐकले गेले.

अहवालात मी वाटोळा कॅमेरा सुचवला. कारणे लिहिली: धूळ आत शिरली नाही, धुतल्यावर काच आतून घामेजली नाही, कंस नसल्याने थरथर वाढली नाही. शेवटी, कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे असावे, अशी शिफारस केली. वडिलांचे नाव अर्थात घातले नाही. अहवाल परत आला तेव्हा समासात साहेबांच्या अक्षरात दोन शेरे होते. कॅमेऱ्यापुढे: “मान्य. यास हार अडकवता येत नाही.” दिशेपुढे: “अमान्य. तोंड आतच.”

विकास विभागाचे पत्र मला मिळाले. मामांना पुन्हा कामावर घेतले गेले. त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नावाचा निर्णयही झाला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले, काही ठिकाणी दारे बंद राहिली. आणि आम्ही पाळ्या सांभाळून कामावर जात राहिलो.

नवा कॅमेरा बसवल्यानंतर पहिल्या सकाळी तपासणीसाठी मी मामांच्या बसला गेले. गारखेड्याच्या थांब्यावर अजून धुके होते. मी पुढच्या आसनावर बसले. त्यांनी वर छताकडे पाहिले, जिथे जाड काचेचा वाटोळा ठिपका होता, तोंड आत.

“ह्यो चालू हाय का म्याडम?”

“हो मामा.”

“मलाच बघतोय?”

“तुम्हाला आणि सगळ्यांना.”

“आसं.” त्यांनी हात स्टिअरिंगवर ठेवले. “पोरीचा परीक्षेचा फॉर्म भरला काल. नवं नाव छापलंय वरती. बघून आलो.” मागून कोणीतरी ओरडले, “मामा, चला की, पंच चुकल!”

मामांनी खाकी शर्टाचे गळ्याचे बटण लावले, पाठ ताठ केली, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.