टाकीवरचा पोचा

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास आमच्या बेटावरच्या लालमती गावात, नाक्यावर एक मेकॅनिक बसायचा. जुन्या इटालियन मोटरसायकली ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडी आली की तो आधी तिच्याकडे बघायचाच नाही, मालकाकडे बघायचा. अगदी टक लावून. मग टाकीखाली बोट घालून नखाने रंग खरवडायचा, सांगाड्यावर ठोकलेला नंबर चाचपायचा आणि गाडी कुठल्या सालची ते सांगायचा. गप्पा मराठीत, निकाल मात्र बेटावरच्या क्रेओल बोलीत. “सा पा ओरिजिनाल.” म्हणजे, हे अस्सल नाही.

बाबांच्या गाडीच्या टाकीवरही त्याने हाच निकाल दिला. “दादा, इंजिन साठ सालचं, टाकी मागाहून बसवलेली. बदलून देतो.” बाबा नुकतेच गेलेले, विचारणार कुणाला? मी बदलून घेतली. जुनी भंगारात टाकली म्हणाला.

पुढच्या गणेश चतुर्थीला देवळासमोर तो स्वतःच्या इटालियन गाडीवरून उतरला. भोवती माणसं जमली. “सगळं कंपनीचं,” तो सांगत होता. “रंगालासुद्धा मी हात लावलेला नाही.”

टाकीला डावीकडे वाटीएवढा पोचा होता. बों अक्योयच्या वळणावर बाबा उसाच्या गाडीला धडकले, तेव्हाचा. लहानपणी ते मला पुढे टाकीवर बसवायचे आणि मी त्याच खळग्यात तळवा रोवून धरायचो.

मी आत्ताही तिथे तळवा ठेवला. “आणि हा पोचा?”

“तो? तो कंपनीतूनच आलाय,” म्हणाला, आणि पहिल्यांदाच मालकाकडे बघायचं त्याने टाळलं.