दुसऱ्या कपाची चिलटं

घरात माणूस एकटं असलं की चिलटंसुद्धा सोबतीला येतात, असं मी सुरुवातीला हसून म्हणायची. पुढं हसू राहिलं नाही. कपावर चिलटं, चष्म्यावर चिलटं, जेवताना एखादं घासाबरोबर तोंडात. केळी आणणं बंद केलं, कचऱ्याचा डबा दिवसातून दोनदा खाली नेला, मोरीत उकळतं पाणी ओतलं. काही उपयोग नाही. एका सकाळी खिडकीतल्या गुलाबाच्या काड्यांपाशी गेले, एक ग्लास हलवला, तर मातीतून भुरकन ढीगभर उडाली. बिऱ्हाड तिथं होतं तर.

त्या काड्या म्हणजे माझ्याकडं उरलेला आमचा गुलाब. नगरात अठ्ठावीस वर्षं आम्ही एका भाड्याच्या बैठ्या घरात काढली. हे वर्कशॉपमध्ये फिटर, मी शाळेत मराठीची बाई. फाटकाशी यांनी एक गावठी गुलाब लावला होता. फिका गुलाबी, फूल जेमतेम दीड दिवस टिकायचं, पण वास असा की पोस्टमन पत्र देऊन उगीच घुटमळायचा. दोन वर्षांपूर्वी हे आजारी पडले तेव्हा दवाखान्यात एकदा म्हणाले, "माझ्या कबरीवर ती प्लास्टिकची फुलं ठेवू नकोस. आपला गुलाब लाव. खुरपायच्या निमित्तानं तरी येशील." मी चिडले. असलं अभद्र बोलायचं नाही, म्हणून दटावलं. "बरं बाई, तास संपला," म्हणाले आणि डोळे मिटून पडले. मला शाळेवरून चिडवायची त्यांची ती जुनी खोड. त्यानंतर चार दिवसांनी गेले. मी 'हो' म्हणायचं राहूनच गेलं.

यंदा मालकानं ते घर विकलं. जुनं झाड पायरीच्या फरशीखाली मुळं घालून बसलेलं, उपटून न्यायची सोय नव्हती. शेवटच्या संध्याकाळी मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दहा काड्या तिरक्या कापून घेतल्या. आठ दिवसांनी राहिलेली कुंडी आणायला गेले तर जेसीबी फिरलेला. गुलाब सोडा, फाटकही नव्हतं. आता दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याला गॅलरी नाही, फक्त स्वयंपाकघराची खिडकी. तिथं दहा प्लास्टिकच्या ग्लासांत दहा काड्या. नोव्हेंबरात मृतांचा दिवस येतो, त्या दिवशी आम्ही कबरी धुतो, फुलं वाहतो, फादर येऊन प्रार्थना करतात. तोवर एक तरी काडी जगवायची, असं मनाशी धरलं होतं. मेल्या तर दुसऱ्या आणायच्या कुठून?

आता एक कबुली देते. मी रोज सकाळी दोन कप चहा करते. म्हणजे करत होते. हातालाच ते माप बसलेलं. पातेल्यात पाणी टाकलं की ते दोन कपच असायचं. हे गेल्यावर तो दुसरा कप एकदाच मोरीत ओतला, परत कधी ओतला नाही. हे चहाचा चोथा धुऊन वाळवून गुलाबाला घालायचे. मी म्हटलं, चोथा चालतो तर चहा का नाही? जुन्या घरी फाटकाशी जाऊन बुंध्यात ओतायची. मोठं झाड, वर कडक ऊन, काही बिघडलं नाही. फ्लॅटमध्ये आल्यावर तोच कप दहा ग्लासांत चमच्या-चमच्यानं वाटायला लागले. दूध, साखर, आलं, सगळं घातलेला चहा. "घ्या तुमचा चहा," असं म्हणायचीसुद्धा. वर पुन्हा सकाळ-संध्याकाळ पाणी. टँकरमागे हंडा घेऊन पळालेली माणसं आम्ही. हाताशी नळ आला की झाडाला पाणी घालताना हात आखडत नाही. आणि हीच बाई तीस वर्षं पोरांना सांगत होती, विचार करून उत्तर लिहा.

चिलटांवर मी माझी सगळी अक्कल वापरली. कापूर जाळला. डासांचा फवारा मारला, त्यानं दोन काड्यांचे नुकते फुटलेले कोंब करपले आणि त्या वाळून गेल्या. मग एक काडी आपोआप काळी पडली, उपसून बघितली तर बुडाशी पिचपिचीत. दुसऱ्या आठवड्यात आणखी तीन. पुण्याला लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, नर्सरीतून दुसरा गुलाब आण ना, हवा तो रंग मिळतो." तिचं काही चुकलं नाही. तिच्या मागे नोकरी, दोन लेकरं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

खालच्या मजल्यावर एक आक्का राहतात. कर्जतकडच्या, शेतातल्या. मुलगा सुप्याला कंपनीत शिफ्टला जातो, त्याच्याकडं राहायला आलेल्या. त्या विरजण मागायला वर आल्या आणि दारातच थांबून नाक वर केलं.

"बाई, आंबूस वास कशाचा येतोय?"

मी खिडकी दाखवली. त्यांनी एक ग्लास उचलला, नखानं माती उकरली आणि बोट माझ्या चष्म्यापुढं धरलं. काचेसारखी पारदर्शक, दोऱ्याएवढी बारीक अळी, डोकं तेवढं काळं.

"चिलटं मारून काय हुनार? त्यांची पोरं खाली बसल्यात. हीच कवळ्या मुळ्या खात्यात. माती लई वल्ली हाय, त्यात हे गोड काय घातलंय?"

"चहा."

"झाडाला चहा कुनी घालतं व्हय?"

त्यांनी ओट्याकडं बघितलं. तिथं दोन कप पालथे घातलेले होते. दोन्ही ओले.

"दुसरा कुनाचा?" त्यांनी विचारलं, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं असावं. खुर्ची ओढून बसल्या. "आमचे मालक गेले तवा माझंबी असंच हुतं. भाकरी थापायला बसलं की दोन जास्तीच्या व्हायच्या. फेकवत न्हाई, खाववत न्हाई. कुत्र्याला घालायचे. कुत्रं पार डुकरावानी झालं."

किती दिवसांनी मी मोठ्यानं हसले. मग विचारलं, "पुढं काय केलंत?"

"काय करनार. पीठच कमी घेतलं. पीठ घेतानाच हात आवरायचा, बाई. थापल्यावर मग काय करता येतंय?"

दुसऱ्या दिवशी त्या पिवळी चिकट कार्डं घेऊन आल्या. डाळिंबाच्या बागेत किडीला लावतात ती, गावाकडून पिशवीत तशीच आलेली. आम्ही त्यांचे तुकडे कापून आईस्क्रीमच्या काड्यांना चिकटवले आणि ग्लासात खोचले. बटाट्याच्या चकत्या मातीवर ठेवल्या. अळ्या खालून त्यांना येऊन चिकटतात, त्या चकत्या सकाळी उचलून उकळत्या पाण्यात टाकायच्या. वाळू धुऊन, कढत पाण्यानं काढून, गच्चीवर कडकडीत वाळवून बोटभर थर वर पसरला. पाणी वरून घालायचं नाही. माती बोटाला कोरडी लागली तरच ताटलीत ओतायचं, ग्लास खालच्या भोकातून ओढून घेतो. "आनी रोज रोज बघू नका," आक्कांनी बजावलं, "बघितलं की तुमाला माया येती."

हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते सकाळी सहाला. पातेलं गॅसवर ठेवलं, एक कप पाणी मोजून घेतलं. पातेल्याचा तळ जेमतेम झाकला. साखर नाही, कारण मला डॉक्टरांनी बंद केलेली. साखर घरात फक्त दुसऱ्या कपासाठी होती. चहा गाळला, एक कप भरला, पातेलं रिकामं. मी ओट्याला टेकून रडले. यांना माती दिली त्या दिवशी घरात माणसं होती, कोणाला पाणी, कोणाला चटई बघताना इतकं रडायला झालं नव्हतं. त्या सकाळी बघायला कोणी नव्हतं.

चिलटं एकदम गेली नाहीत. मातीतली अंडी फुटत राहतात, पिवळ्या कार्डावर काळे ठिपके भरत राहतात. तीन आठवड्यांनी कार्डं कोरी राहायला लागली. तोवर उरलेल्या चारांतल्या तीन काड्या गेल्या होत्या. चौथीला तांबूस पान फुटलं, आणि एका दुपारी ग्लासाच्या कडेला आतून एक पांढरी मुळी टेकलेली दिसली. मी खाली जाऊन आक्कांना सांगितलं. त्या मुलाचा डबा भरत होत्या, म्हणाल्या, "आता हात लावू नका."

मृतांच्या दिवशी कबरस्तानात गर्दी होती. चुन्याच्या बादल्या, झेंडू, मेणबत्त्या. फादर पवित्र पाणी शिंपडून पुढं गेले, माणसं पांगली, तोवर मी पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. यांची कबर अजून मातीचीच आहे, फरशीची घाई मी केली नव्हती. उशाशी खुरप्यानं खड्डा घेतला, ग्लास फाडला, रोप मातीसकट ठेवलं आणि बेताचं पाणी दिलं.

मग थर्मास उघडला. सकाळी तो चहा मी मुद्दाम यांच्या मापानं केला होता, आलं ठेचून, दोन चमचे साखर घालून. झाकणात ओतला आणि हात सवयीनं रोपाकडं वळलाच. आवरला.

"तुमचा चहा बंद केलाय," मी म्हणाले. "गुलाब मरत होता. आणि त्या दिवशी दवाखान्यात म्हणाला होतात ना, तर हो. लावते म्हणून सांगायचं होतं. हो."

दोन कबरी पलीकडं एक बाई मेणबत्ती लावत होती, ती वाऱ्यानं विझत होती. झाकणातला चहा निवायला लागला. मग तो मी प्यायले, तळाच्या साखरेसकट.