गाद्याच्या दातांत अडकलेलं सूत

तेव्हा मी इंटरच्या वर्गात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. रविवारी रत्नागिरीहून चालत घरी आलो, तर सगळी वाडी पुळणीवर जमलेली. मध्ये एक गादा मरून पडला होता. पुस्तकात ज्याला डॉल्फिन म्हणतात, तोच. त्याच्या कुशीत हातभर लांब जखम होती आणि सगळे माझ्या बाबांकडे बघत होते.

गाद्याला आमच्याकडे कोणी मारत नाही. ज्याच्या हातून तो मरेल त्याने रापणीच्या दोरीला हात लावायचा नाही, अशी रीत. रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोरीला हात नाही तर मासळीत वाटा नाही, आणि आमचं घर त्या वाट्यावरच चालायचं. शुक्रवारी रापण ओढली तेव्हा बाबा नव्हते. ते एकटेच होडी घेऊन गरी टाकायला गेले होते. होडीत मुशीसाठी, म्हणजे शार्कसाठी, ठेवलेला भाला होता.

"भाल्याचीच जखम हाय ही," रापणीचा म्होरक्या, नाखवा म्हणाला.

"भाला मुशीसाठी, नाखवा. गाद्याला मी कशाला मारू? तो काय माझा मेव्हणा?"

एरवी बाबांच्या अशा बोलण्यावर सगळे हसले असते.

"मी उघडून बघू का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बेडूक कापलान नि डाक्तर झाला!" मागून एक काकी म्हणाली.

नाखव्याने मात्र मान हलवली. "बघ. पण भरती लागली हाय. पाणी आत शिरायच्या आधी काय ता सांग. मग तो समुद्राचा."

घरातून मासे कापायची सुरी आणली. बेडकापेक्षा मोठं मी काहीच कापलेलं नव्हतं. जिवंतपणी जखम झाली तर रक्त आजूबाजूच्या मांसात साकळतं, एवढं सरांनी शिकवलेलं आठवत होतं. जखमेची कड कापली. आत मांस फिकट होतं, साकळलेलं काही नाही.

"ही मेल्यावरची जखम आहे. खडकावर घासून झाली असावी."

"मग मेला कशानं?" नाखवा म्हणाला. "का बापासाठी एवढाच शिकून आलास?"

लाट शेपटीला लागली. गुडघ्यावर बसून मी श्वासनळी कापली. ती पांढऱ्या फेसाने भरलेली होती.

"गाद्याला श्वासाला वर यावं लागतं. हा पाण्याखाली अडकून गुदमरला. बहुतेक."

"बहुतेक?"

पाणी माझ्या मांडीला लागलं. जबडा उघडून बघावा म्हणून हात घातला, तर दातांत काहीतरी बोटाला लागलं. ओढून काढलं. झाडाच्या सालीच्या रंगात बुडवलेलं जाड तांबडं सूत, गाठीसकट.

रापणीचं जाळं याच सुताचं. नाखव्याने सूत हातात घेतलं, बोटांत फिरवलं. शुक्रवारी रापणीच्या जाळ्याला मोठं भोक पडलं होतं. मुशीने फाडलं, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"दोरीला सगळेच होते की रे," काकी हळूच म्हणाली. "आता रापण ओढायची कोणी?"

लाटेने गाद्याला उचललं. कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाखवा नारळ घेऊन आमच्या दारात आला. "त्या दिवशी तूच तेवढा नव्हतास. नारळ तू सोड, दोरी आधी तू धर. आम्ही मागून."

बाबा पुळणीवर गेले, नारळ पाण्यात सोडला. पण दोरीकडे वळले नाहीत. होडीतला भाला काढून आणला आणि नाखव्याच्या पायाशी ठेवला.

"आधी हा नीट बघ."

नाखवा वाकला, भाल्याचं पातं उलटंपालटं करून बघितलं आणि भाला परत बाबांच्या हातात दिला. मग बाबांनी दोरी धरली.