तणसातली अंडी

आमची पोस्ट गडचिरोलीच्या जंगलात, नाल्याच्या काठावर. हिवाळ्यात जमीन इतकी गारठायची की बराकीत धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, पसरून वर घोंगड्या टाकायचो. धानपट्ट्यातली पोरं आम्ही, घरीही तसेच झोपलेलो. पायाशी पोस्टची कुत्री, भुरी. गस्तीला पेट्रोल निघालं की ती पुढे. पुरलेल्या स्फोटकाचा वास येऊन ती अडली की आम्ही जागीच थांबायचो. तिला वाढवलं नाईक सुखदेवनं. चामोर्शीकडचा, मासेमार ढिवराच्या घरचा, माझा जिवलग. बायकोला फोन केला तरी भुरीच्याच गोष्टी.

त्या हिवाळ्यात पिसवा झाल्या. खाजवून खाजवून पायातून रक्त निघायचं. कंपनी कमांडर नवीन होते.

"कुत्रं बाहेर. आजच."

"साहेब, पेट्रोलला ती..."

"ऑर्डर आहे, नाईक."

रेशनच्या गाडीतून भुरीला दूर सोडून आले. सुखदेव जेवला नाही. "येते भाऊ थे वापस, पाह्यजो," म्हणाला. ती आली नाही. पिसवा मात्र होत्या तिथंच, उलट वाढल्या.

पुढच्या आठवड्यात सकाळी पेट्रोल निघालं. पुढे सुखदेव. पायवाटेवर स्फोट झाला.

"एक जवान जखमी. गाडी पाठवा, ओव्हर."

"गाडी निघाली, ओव्हर."

गाडी पोचली तेव्हा सुखदेव गेला होता.

आता मी रिटायर, आरमोरीला असतो. परवा नातीच्या पायावर तसेच लाल चट्टे उठले. सूनबाई म्हणाली, "बाबा, या कुत्र्याले कुठीतरी सोडून या ना."

माझं डोकंच फिरलं. कुत्र्याला घेऊन तडक ब्रह्मपुरीला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी औषध दिलं आणि विचारलं, "झोपतो कशावर?"

"तणसावर."

"मग तेच काढा आधी. पिसू अंडी घालते कुत्र्याच्या अंगावर, पण ती टिकत नाहीत, घरंगळून खाली अंथरुणात पडतात. नुसत्या औषधानं काय होणार?"

घरी येऊन काळ्या कापडावर तणीस झटकलं. मिठाच्या बारीक कणांसारखी पांढरी अंडी पडली, सोबत पिसवांच्या विष्ठेची काळी भुकटी. भुकटी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासली तर लाल उतरली. रक्तच ते. सगळं तणीस अंगणात जाळलं. गोधड्या उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवल्या. फटी-कोपरे रोज झाडतो, कचरा जाळतो. राहिलेली अंडी मागून फुटतात, म्हणून अजून काही आठवडे हे करायचंच. कुत्रा घरातच आहे.

पण जळतं तणीस पाहताना मस्तकात तिडीक गेली. अरे, तेव्हा बराकीतल्या तणसाला एक काडी लावायची होती! कुत्रं हाकललं आणि अंडी अंगाखाली घेऊन झोपलो. घरचाच बिछाना तो, त्याच्यावर संशय कोण घेणार? साहेब प्रमोशन घेऊन गेले. त्यांना आजही ठाऊक नसेल.

सुखदेवला घरी नेलं तेव्हा त्याची बायको रडत नव्हती. तिनं मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, भुरी तं समोर राह्यते ना? मंग असं कसं झालं?"